सरळ सांगायची परीक्षा

आमच्या सूनबाईला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाहीये, तिच्या तोंडावर कितीतरी वेळा सांगून झालंय. मला सांगता येतं. मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. पोरं मला मागून शिट्टीबाई म्हणायची, ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे मी त्यांना प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेदेखत सांगून टाकलं होतं.

सूनबाईचं उलटं. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात मला म्हणाली, "आई, खिडकीतून छान वारा येतो, नाही?" मी म्हटलं, "येतो की." आणि बसून राहिले. बिचारी कुडकुडत होती, खिडकी लावून हवी होती, हे मला दुसऱ्या दिवशी तिला शिंका यायला लागल्यावर कळलं. रात्रपाळी करून सकाळी आली की म्हणायची, "आई, आज ऊन किती कोवळं पडलंय." याचा अर्थ असा, की तुम्ही आणि तुमचा रेडिओ दोघंही थोडा वेळ बाहेर जाऊन या, मला झोपायचंय. हे उलगडायला मला फार दिवस लागले. तोवर मी समजत होते की पोरीला हवामानाची भारी आवड आहे, म्हणून वर्तमानपत्रातला हवामानाचा चौकोन तिच्यासाठी कापून ठेवत होते. तीही तो घडी घालून पर्समध्ये ठेवायची. नको म्हणाली नाही.

माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, आडून बोललेलं कळत नाही आणि सरळ बोललेलंही कळत नाही, त्यामुळे त्यांचा संसार सुखाचा चाललाय. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टशी त्याचं चांगलं पटतं.

सूनबाई मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत नर्स आहे. नवखी नव्हे, चांगली मुरलेली. नळ्या, मशिनं, पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या रेघा, सगळं तिला तोंडपाठ. तिच्या हाताखालून कितीतरी तरुण डॉक्टर शिकून पुढे गेले आणि त्यातल्या निम्म्यांना आपण हिच्याकडून शिकलो याचा पत्ताही नाही. कारण हिची शिकवायची तऱ्हाच तशी. पेशंटचं काही बिघडतंय हे हिला दारातून कळतं, पण ही म्हणणार काय, तर "सर, मघापेक्षा यांचा रंग जरा वेगळा वाटतो का हो?" मग सर बघणार, सरांना सुचणार, सर ऑर्डर सोडणार, आणि ही "हो सर" म्हणून आधीच भरून ठेवलेलं इंजेक्शन पुढे करणार. तिच्या मते यात सगळ्यांचा मान राहतो. बरं, माणसंही वाचतात. मी काय बोलणार?

पण हॉस्पिटलनं फतवा काढला. आयसीयूत पाळीची प्रमुख व्हायचं, किंबहुना आयसीयूत राहायचंच, तर प्रौढ रुग्णांच्या अतिदक्षतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केलेला हवा. वर्ग एकच. नर्स, नवे डॉक्टर, फिजिओथेरपीवाले, सगळे एका बाकावर. परीक्षेला संधी दोन. दोन्ही हुकल्या तर ओपीडी. ओपीडी म्हणजे दारात उभं राहून नंबर पुकारायचे. मला तर ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ही तिथं उभी राहून हळूच म्हणणार, "सतरा नंबरच्या कुणाला आत यावंसं वाटतंय का?"

तर चाळिशी उलटल्यावर बाईसाहेब पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. जेवणाच्या टेबलावर फुप्फुसांची चित्रं पसरली. रक्तातल्या वायूंचे तक्ते फ्रिजवर चिकटले, त्यामुळे फ्रिज उघडायला गेलं की आम्ल आणि अल्कली समोर. मुलगा म्हणाला, "आपल्या घरात दूध काढायलासुद्धा पदवी लागते." वर्गात एक चष्मेवाला डॉक्टर होता, हिच्या निम्म्या वयाचा. तो हिला फोन करून शंका विचारायचा आणि ही त्याला असं काही उत्तर द्यायची की फोन ठेवताना त्यालाच वाटायचं आपण हिला समजावून सांगितलं. लेखी पेपरात वर्गात पहिली आली. मी इमारतीच्या चारही मजल्यांवर सांगून आले.

आणि प्रात्यक्षिकात नापास झाली.

कशी, ते ऐका. प्रात्यक्षिकाला खरा पेशंट नसतो, पुतळा असतो. पण पुतळा म्हणजे साधासुधा नव्हे, श्वास घेतो, नाडी लागते, पडद्यावर आकडे येतात. घशात नळी, नळीला मशीन. त्या दिवशी टीमची प्रमुख सूनबाई, आणि कोर्सच्याच एका माणसाला मुद्दाम ढिल्या डॉक्टरचं काम दिलेलं. पुतळ्याचा ऑक्सिजन घसरायला लागला. हिनं एका नजरेत ओळखलं, छातीची डावी बाजू हलत नाहीये, नळी घसरून खोल गेलीय आणि एकाच फुप्फुसात वारा चाललाय. उपाय काय, तर नळी थोडी मागे ओढायची. संपलं. पण ही काय म्हणाली? "डॉक्टर, डावी बाजू आज जरा शांत वाटते का हो?"

तो ढिला डॉक्टर "हं" म्हणाला आणि मशीनची बटणं दाबत बसला. ही म्हणाली, "नळीवरचा आकडा मघाशी वेगळा होता, नाही?" तो म्हणाला, "असेल." ही वाट बघत राहिली. तोवर पुतळा मेला.

परीक्षक बाईंनी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?" ही म्हणाली, "हो." "कधी?" "आत आल्या आल्या." बाई म्हणाल्या, "मग कुणाची वाट बघत होता?"

घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "आई, ओपीडीत म्हणे संध्याकाळी लवकर सुटतात." इतक्या वर्षांच्या सवयीनं मला लगेच कळलं की ही नापास झाली.

माझं डोकंच सणकलं. परीक्षकांवर नाही, हिच्यावर. आणि त्याला कारण होतं. ते आता सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळायचं नाही.

आमचे हे गेले ते हिच्याच आयसीयूत. छातीत पाणी, मग न्यूमोनिया, मग तोंडावर मास्क. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या कॉटजवळ होते. यांनी खुणेनं दाढीचं सामान मागितलं, स्वच्छ राहायची फार हौस त्यांना. मी निघाले. सूनबाई ड्युटीवर होती, तिनं मला दारात गाठलं आणि म्हणाली, "आई, आभाळ भरून आलंय, आता नका ना जाऊ." मी म्हटलं, "छत्री आहे माझ्याकडे." आणि आले घरी. डबीत ब्लेड नव्हतं, म्हणून वाटेत दुकानातही थांबले. परत गेले तेव्हा पडदा ओढलेला होता.

हिला सकाळपासून माहीत होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. ती बोलणार नाहीच, तिचा स्वभाव. पण मीही बोलले नाही. सगळ्या शाळेला दमात घेणारी मी, या एका बाबतीत माझी दातखीळ बसली. एका ओट्यावर स्वयंपाक करायचा, एका टीव्हीसमोर बसायचं, आणि तेवढा एक विषय दोघींनी ओलांडून जायचा.

म्हणून ही कशात नापास झाली ते मला त्या परीक्षक बाईंपेक्षा जास्त कळत होतं. एक मन म्हणायचं, हिला सांगता येत नसेल तर हिनं खुशाल नंबर पुकारावेत, निदान आणखी कुणाची बायको ब्लेड आणायला जाणार नाही. दुसरं मन म्हणायचं, ही ओपीडीत गेली तर वाळून जाईल. आयसीयूवर तिचा जीव आहे. रात्रपाळी करून येते तरी तिथल्या माणसांची नावं घेत झोपते. शेवटी मी कंबर कसली. संधी एकच उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात नियम जाहीर केला. "आजपासून या घरात आडून बोललेलं कुणाला ऐकू येणार नाही. काय हवं ते माणसाकडे बघून, त्याला हाक मारून, सरळ सांगायचं." मुलगा म्हणाला, "मला आधीही ऐकू येत नव्हतं." त्याला म्हटलं, "म्हणूनच तुला यात घेतलंय."

त्याच दिवशी ती ओट्याशी म्हणाली, "तेल संपत आलंय वाटतं." आम्ही दोघं ढिम्म. मी पेपर वाचला, मुलगा भिंतीकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी तेल संपलं. आम्ही उकडलेलं खाल्लं. तिसऱ्या दिवशीही उकडलेलं. भाजी अशी काही झाली होती की ती हॉस्पिटलातल्या पेशंटलाही कुणी दिली नसती, पण मी चवीनं खाल्ल्यासारखं केलं. मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेवटी तिनं पोळपाट बाजूला ठेवला, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तेल संपलंय. तुम्ही आज येताना तेल आणा." तो उडी मारून उठला आणि सकाळीच दुकान उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिला.

मग खरा सराव सुरू झाला. आतल्या खोलीत यांची कॉट तशीच आहे. तिच्यावर आम्ही पेशंट तयार केला. दोन उशा, वर चादर, डोक्याच्या जागी माझा जुना व्हॉलीबॉल, आणि बागेला पाणी घालायच्या पाइपचा तुकडा घशाची नळी म्हणून. त्यांना आम्ही पाहुणे म्हणायचो. मुलगा शिकाऊ डॉक्टर. मी मोठी सर्जन. कुणाचं न ऐकणारी. मला ती भूमिका फार मानवली.

सूनबाई म्हणायची, "सर, ऑक्सिजन जरा..." मी म्हणायची, "सिस्टर, तुम्ही चहाचं बघा." ती लाल व्हायची, ओठ हलायचे, शब्द बाहेर यायचे नाहीत. पाहुणे वारायचे. पहिल्या आठवड्यात पाहुणे रोज वारले. एकदा तर शिकाऊ डॉक्टर पाहुण्यांच्या पायाशी बसल्या बसल्या घोरायला लागले, आणि त्यांना उठवायचं की पाहुण्यांना वाचवायचं हे बाईसाहेबांना ठरवता येईना. मी शिट्टी वाजवून दोघांनाही उठवलं.

पण एका दुपारी गंमत झाली. मी नेहमीप्रमाणे चहाचं सुरू करणार, तोच तिनं हात वर केला. "सर, थांबा. डावी छाती हलत नाही. नळी खोल गेली आहे. तुम्ही ती मागे घ्या. आत्ता." आवाज मोठा नव्हता, पण असा होता की मी, या घरची सर्जन, गडबडून पाइप ओढला. जरा जास्तच ओढला. पाहुण्यांचं डोकं टप्पे घेत कॉटखाली गेलं. मुलगा वाकायला लागला तर ही म्हणाली, "डोकं नंतर. आधी पडद्याकडे बघा." पडदा म्हणजे आमचं भिंतीवरचं कॅलेंडर. तो बघत राहिला बिचारा.

मग तिची गाडी जी सुटली, ती थांबेना. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रविवारी भिंतीला भोकं पाडत होते. गेली कित्येक वर्षं ही त्यांना जिन्यात "काका, काम चाललंय वाटतं" असं म्हणायची आणि ते खूश होऊन नव्या कपाटाचं वर्णन करायचे. या खेपेला ही वर गेली आणि म्हणाली, "काका, मी रात्रपाळी करून झोपते. सकाळी ड्रिल चालवू नका. दुपारी चालवा." ते इतके दचकले की त्यांनी दुपारीही बंद केलं. नवऱ्याला सांगितलं की तो घोरतो. तो म्हणाला, "मग इतकी वर्षं तू म्हणायचीस की तुला ट्रकची स्वप्नं पडतात, ते?" ती म्हणाली, "तेच ते."

आणि एक दिवस माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "आई, तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमचा आवाज फार मोठा असतो. मला वाचता येत नाही. दार लावून बोला." मी दार लावलं. आत जाऊन दुपारभर फुगून बसले. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय. संध्याकाळी तीच चहा घेऊन आली, आणि रागावलात का असं सरळ विचारलंन. मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं." आणि चहा ठेवून अभ्यासाला गेली. मला हसू आलं, पण ते मी तिला दाखवलं नाही.

एवढं सगळं झालं, पण एक घोडं अडलंच. प्रात्यक्षिकात शेवटचा एक भाग असतो. पुतळा नाही, मशीन नाही. समोर खुर्चीवर एक माणूस बसवलेला, पेशंटचा नातेवाईक म्हणून. त्याला सांगायचं की तुमचा माणूस वाचणार नाही. हे हिला जमेना.

मी नातेवाईक व्हायची. कधी भांडकुदळ भाऊ, कधी मोठमोठ्या लोकांशी ओळख असलेला जावई, कधी रडवी मावशी. रडव्या मावशीच्या वेळी मी इतकी रंगले की मुलगा बाहेरून विचारत आला, "आई, खरंच काही झालंय का?" ही समोर बसून म्हणायची, "प्रकृती जरा नाजूक आहे." मी म्हणायची, "मग पथ्य काय पाळायचं?" "आम्ही सगळे प्रयत्न करतोय." "वा. म्हणजे सोमवारी घरी सोडाल." "बघूया..." "नाही, म्हणजे खोलीला रंग देऊन ठेवते." इथं ती उठायची आणि चहा ठेवायला जायची. सर्जनला गप्प करणारी, ड्रिल बंद पाडणारी बाई, या खुर्चीसमोर आली की पुन्हा आभाळाकडे बघायला लागायची.

मी भाऊ झाले, जावई झाले, मावशी, मामा, मालक, भाडेकरू, सगळं झाले. बायको मात्र एकदाही झाले नाही. तिनंही मला बायको व्हा असं म्हटलं नाही. दोघींनाही ते कळत होतं.

परीक्षेच्या दिवशी मी साडी बदलून तयार होऊन बसले होते. ती म्हणाली, "आई, तुम्ही येऊ नका. तुम्ही तिथं असलात तर मी तुमच्याकडेच बघत राहीन." मी म्हटलं, "बरं." आणि ती गेल्यावर दाराशीच बसले. मुलगा कामाला गेला. मी भाजी निवडली, परत निवडली, निवडून टाकलेलीही निवडली. इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या कुठल्या परीक्षेची वाटली नव्हती. कधी म्हणायचं पास होऊ दे, कधी वाटायचं ती शेवटची खुर्ची तिच्या वाट्याला येऊच नये.

ती दुपारी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, मी पास झाले." हवा नाही, ऊन नाही. मला आधी समजलंच नाही, मी म्हटलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे पास. कागद नंतर येईल, पण बाईंनी तिथंच सांगितलं. मी आयसीयूतच राहणार." मी तिला मिठी मारली. ती लहानखुरी आहे, माझ्या मिठीत पार दिसेनाशी झाली.

मग सगळं विचारून घेतलं. चष्मेवाला डॉक्टर पास झाला का, तर झाला. ढिला डॉक्टर होता का, तर होता. त्याला ही म्हणाली, "थांबा, बटणं सोडा, इकडे या." तो म्हणे दोन पावलं मागे सरला. परीक्षक बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं, पण ही म्हणते त्या हसत होत्या.

"आणि शेवटचं?" मी विचारलं. "ती खुर्ची?"

"एक वयस्कर गृहस्थ होते. भाऊ सिरियस आहे असं त्यांचं सोंग होतं."

"त्यांना काय सांगितलंस?"

"सांगायचं ते सांगितलं."

"मला सांग."

आम्ही आतल्या खोलीत होतो. पाहुणे कॉटवर पडलेलेच होते, सकाळच्या गडबडीत कुणी आवरलं नव्हतं. मी सहज म्हटलं, निदान मला तरी ते सहज वाटलं. ती उठली, जाऊन हात धुऊन आली, तिची ती सवयच आहे. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघा लागला. मी भाऊ व्हायच्या तयारीत चेहरा केला होता.

"आई," ती म्हणाली.

मी वाट बघत होते ती आता 'दादा' म्हणेल म्हणून. तिनं ते बदललं नाही.

"आई, बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकलेत. औषधांचा उपयोग होत नाहीये. ते आज जाणार आहेत. संध्याकाळपर्यंतसुद्धा राहतील असं मला वाटत नाही. तुम्ही घरी जाऊ नका. सामान राहू दे. त्यांच्याजवळ बसा."

तिनं नजर खाली केली नाही. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "तुला सकाळपासून माहीत होतं."

"आदल्या रात्रीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला भीती वाटली. तुम्हाला सांगताना मी रडेन, आणि मी ड्युटीवर होते. मी चुकले, आई. तुमचा तो वेळ माझ्यामुळे गेला."

यानंतर काही बोलायचं नसतं, असं त्यांना कोर्समध्ये शिकवतात. वाईट बातमी सांगून झाली की गप्प बसायचं, समोरच्याला वेळ द्यायचा. तेवढ्या भागाचा सराव हिला कधीच लागला नव्हता. ती बसून राहिली. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही, नुसतं रडू येत होतं. नाटकातलं नव्हे, त्याला आवाजच नव्हता. तिचाही चेहरा भिजला होता आणि तो ती पुसत नव्हती.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "त्यांना ऐकू येतं का अजून?"

ती म्हणाली, "येतं. बोला तुम्ही."

मी खुर्ची कॉटकडे वळवली. मला वेड लागलं नव्हतं, समोर व्हॉलीबॉल आहे हे मला दिसत होतं. तरी मी चादरीवर हात ठेवला, जिथं हात असतो तिथं. म्हटलं, "अहो, मी इथंच आहे." मग पुढचं आपोआप आलं. सूनबाई पास झाली ते सांगितलं. तुमची सायकल तुम्हाला न विचारता देऊन टाकली, ते सांगितलं. तुम्ही दाढी न केलेलेही बरे दिसता, हे जन्मात कधी बोलले नव्हते, तेही बोलले. मला कुठंही जायचं नाहीये, सामानबिमान काही आणायचं नाहीये, असं दोनतीनदा म्हटलं. सूनबाई पायाशी उभी होती, हॉस्पिटलात उभी राहते तशी, हात पुढे बांधून.

बाहेर दाराचं कुलूप वाजलं. मुलगा लवकर आला होता, हातात खाऊचा मोठा पुडा. खोलीच्या दारात येऊन थबकला. आई कॉटजवळ रडतेय, बायको पायाशी रडतेय, मध्ये उशा. त्यानं दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?"

सूनबाई त्याच्याकडे वळली. "मी पास झाले," ती म्हणाली. "आणि आई बाबांजवळ बसल्या आहेत. तुम्हीही बसा. पलीकडे जागा आहे."

त्यानं पुडा जमिनीवर ठेवला, बूट काढले आणि कॉटच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसला.